दगडापेक्षा वीट मऊ, पण ती उशाला किती वर्षं?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या मोहल्ल्यात एकच वाक्य फिरू लागतं: "वोट बटना नहीं चाहिए." ते व्हॉट्सॲपवर येतं, चहाच्या हॉटेलात ऐकू येतं, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी कुणीतरी हळूच सांगतं. मतदानाच्या आदल्या रात्री तर त्याचा हुकूमच होतो. अमुक निशाणी, बस्स. का म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं, "ते आले तर?" ते आले की काय होतं हे आपण पाहिलेलं आहे, म्हणून बोलणं तिथेच संपतं.

मला ते बोलणं तिथे संपू द्यायचं नाही. मतदार झाल्यापासून मी दर निवडणुकीत तीच भीती, तीच निशाणी आणि निकालानंतरची तीच शांतता पाहतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडणं हा गुन्हा नाही. काही जागांवर तेच करणं शहाणपणाचं असतं. पण ती एका दिवसाची मजबुरी आहे. आपण तिला कायमचं धोरण करून टाकलं आणि आपल्या मताची किंमत स्वतःच शून्यावर आणली. तुम्ही कुठेच जाणार नाही हे ज्याला पक्कं माहीत आहे, तो तुमच्याशी बोलायला कशाला थांबेल?

वीट खरोखरच मऊ आहे

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू या. दगडापेक्षा वीट मऊ ही म्हण खोटी नाही. "सगळे पक्ष सारखेच" असं म्हणणारा बहुधा अशा गल्लीत राहतो जिथे बुलडोझर येत नाही. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाजवळच्या गजापुरात जमावाने मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली. "चलो विशाळगड"ची हाक संभाजीराजे छत्रपतींनी दिली होती. त्यांचे वडील शाहू छत्रपती महिनाभर आधीच काँग्रेसचे खासदार म्हणून कोल्हापुरातून निवडून आले होते. ते गजापुरात गेले, लोकांना भेटले, धीर दिला. ज्याला आपली मतं हवी असतात, त्याला निदान दारापर्यंत यावं लागतं. हा फरक लहान असेल, पण घर फुटलेल्या माणसाला तो लहान वाटत नाही.

दुसरं उदाहरण धुळे लोकसभा मतदारसंघाचं. २०२४ मध्ये तिथल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांहून अधिक मतं दिली आणि त्या अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगावातले चार हजार लोक त्या दिवशी "कुणीही आलं तरी काय फरक पडतो" म्हणून घरी बसले असते, तर निकाल उलटा लागला असता. मी मालेगावात असतो तर मीही तेच बटण दाबलं असतं.

"आम्ही नोटा दाबतो" म्हणणाऱ्या मित्रांसाठी एक आकडा. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून अधिक मतं पडली आणि नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. निकालावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. नोटा हा राग आहे, पर्याय नाही. रागाची मोजणी होते आणि फाईल बंद होते.

उसूल अर्धाच सांगितला जातो

कमी वाईट निवडा म्हणणारे बुजुर्ग "अहवनुल बलिय्यतैन"चा हवाला देतात. दोन संकटं समोर असतील तर हलकं पत्करावं, हा फिक्हचा मान्य उसूल आहे. उस्मानी काळातल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत तो कलम म्हणून नोंदलेला आहे. मी आलिम नाही आणि त्या उसूलाशी माझं भांडणही नाही. माझी तक्रार एवढीच की तो आपल्याला अर्धाच सांगितला जातो.

त्याच 'मजल्ला'त थोडं आधी दुसरा उसूल आहे: मजबुरीने जे करावं लागतं ते मजबुरीपुरतंच करावं, त्यापेक्षा जास्त नाही. भुकेने जीव जाणाऱ्याला जे एरवी हराम ते खायची मुभा आहे, पण जीव वाचेल एवढंच. त्याने पुढे त्याच मालाचं हॉटेल काढायचं नसतं. आणि तिसरा उसूल सांगतो की जरर, म्हणजे नुकसान, दूर केलं गेलं पाहिजे. हलकं नुकसान पत्करलं म्हणून ते दूर करण्याची जबाबदारी संपत नाही.

मत ही शहादत आहे, असंही आपण ऐकत आलो. ठीक आहे. पण एकदा साक्ष दिल्यावर साक्षीदाराने पाच वर्षं तोंड उघडायचं नाही, हे कुठल्या किताबात लिहिलं आहे? पहिला उसूल दर निवडणुकीच्या आधी सांगितला जातो. दुसरा आणि तिसरा सांगायची वेळ निकालानंतर येते, आणि तेव्हा सांगणारे कुठेच दिसत नाहीत.

विटेचा हिशेब

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. तेव्हाच्या शिवसेना-भाजप सरकारने तो फेटाळला. त्यात नवल नव्हतं, दगडाकडून कुणी वेगळी अपेक्षा केली नव्हती. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी अहवाल अमलात आणण्याचं आश्वासन देऊन सत्तेवर आले आणि २०१४ पर्यंत सलग १५ वर्षं राहिले. आयोगाने ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं त्यांच्यापैकी बहुतेकांच्या केसालाही धक्का लागला नाही. या १५ वर्षांत आपण तीनदा विधानसभेला मत दिलं. तीनदा "ते आले तर?" हेच ऐकलं.

आरक्षणाचं घ्या. मुसलमानांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश आला जुलै २०१४ मध्ये, म्हणजे १५ वर्षांची सत्ता संपायला तीन महिने उरले असताना. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये नोकऱ्यांमधलं आरक्षण थांबवलं, पण शिक्षणातलं चालू ठेवायला हरकत घेतली नाही. पुढच्या भाजप-सेना सरकारने अध्यादेश तसाच संपू दिला. मग २०१९ मध्ये महाविकास आघाडी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिक यांनी विधान परिषदेत शिक्षणातल्या ५ टक्क्यांसाठी कायदा करू असं जाहीर केलं. थोड्याच दिवसांत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, असा प्रस्ताव माझ्यासमोर आलेलाच नाही. सरकार अडीच वर्षं चाललं. कायदा आला नाही.

आता उमेदवारी. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकीवरही मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्याच नसीम खान यांनी नाराज होऊन प्रचाराला नकार दिला, तेव्हा कुठे ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत. तरीही आपण आघाडीला भरभरून मतं दिली आणि तिच्या ३० जागा आल्या. त्यानंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धुळ्याच्या निकालाला "व्होट जिहाद" म्हटलं. शिवी आपल्या वाट्याला आली, खासदारकी त्यांच्या. एवढं देऊन बदल्यात काय ठरलं होतं, हे विचारायला आपल्याकडे कागदाचा एक तुकडासुद्धा नव्हता. कारण आपण काही ठरवलंच नव्हतं.

आणि ही वीट मोजणीनंतर वीटच राहील याची हमी कोण देतो? नांदेडला २०१९ मध्ये अशोक चव्हाण भाजपकडून सुमारे ४० हजार मतांनी हरले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं पडली होती. वंचितला मत देणाऱ्यांना तेव्हा गद्दार म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोहोचले. राष्ट्रवादीला मत दिलेल्यांचं जुलै २०२३ मध्ये तेच झालं. आमदार मोठ्या संख्येने अजित पवारांबरोबर पलीकडे गेले आणि मतदार जिथे होता तिथेच राहिला. मत कापल्याचा आरोप ज्यांच्यावर होतो ते निदान निवडणुकीच्या आधी सांगून वेगळे लढतात.

मत कापणारा नेमका कोण?

मी सोलापूरचा. आमच्याकडे २०१९ ची लोकसभा अजून घराघरांत भांडली जाते. सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजारांनी हरले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मतं होती. बेरीज-वजाबाकी झाली आणि निकाल लागला: आंबेडकरांनी मतं कापली, मुसलमानांनी आणि दलितांनी पायावर धोंडा मारून घेतला. आमचे एक चाचा आजही सांगतात, "बेटा, उस दिन हमने अपने हाथ से दिया."

मी त्यांना दरवेळी एकच सांगतो. चाचा, २०१४ काढा. तेव्हा आंबेडकर सोलापुरात नव्हते. तरीही शिंदे सुमारे दीड लाखाने हरले होते. २०१४ मध्ये त्यांना ३ लाख ६८ हजार मतं होती, २०१९ मध्ये ३ लाख ६६ हजार. पाच वर्षांत दोन हजार मतं कमी. मग ती पावणेदोन लाख मतं कापली कुणाच्या खिशातून? आंबेडकर नसते तर त्यातली बरीच मतं शिंद्यांना गेली असती, हे मीही मानतो. २०२४ मध्ये वंचितच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि प्रणिती शिंदे जिंकल्या, हेही मी विसरत नाही. पण सगळीच गेली असती असं धरून चालणं म्हणजे मतांवर कुणाचा तरी सातबारा आहे असं समजणं. मताला मालक नसतो. ते मागावं लागतं.

शिवाय हा आरोप फक्त एकाच दिशेने होतो. सोलापूर शहर मध्यमध्ये २०१४ आणि २०१९ ला काँग्रेस पहिली, एमआयएम दुसरी होती. तेव्हा एमआयएम मतं कापते म्हणत होते. २०२४ मध्ये भाजपचे देवेंद्र कोठे मोठ्या फरकाने जिंकले, एमआयएम पुन्हा दुसरी आणि काँग्रेस बरीच मागे तिसरी. शिवाय माकपचे नरसय्या आडमही मैदानात होते. तिघांची मतं एकत्र केली तरी कोठेंपर्यंत पोहोचत नाहीत. पण तिसऱ्या क्रमांकावरच्या काँग्रेसला कुणी "वोट कटवा" म्हटलं का?

औरंगाबाद पूर्वमध्ये तर त्याच वेळी इम्तियाज जलील भाजपच्या अतुल सावेंकडून फक्त २,१६१ मतांनी हरले. काँग्रेस, वंचित आणि समाजवादी या तिघांच्याही उमेदवारांना स्वतंत्रपणे याहून जास्त मतं होती. त्याआधी एमआयएमने महाविकास आघाडीला सोबत येण्याचा प्रस्ताव दिला होता, तो आघाडीने घेतला नाही. मतविभाजनाची इतकी काळजी होती, तर ती जागावाटपाच्या टेबलावर का दिसली नाही? ती फक्त आमच्या मोहल्ल्यातच का दिसते? विभाजन टाळण्याची पहिली जबाबदारी ज्याच्याकडे जास्त ताकद आहे त्याची. ती न पाळता मतदारावर ढकलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिसऱ्याचीही झडती घ्या

आता एमआयएमवाले आणि वंचितवाले मित्र खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं.

२०१९ मध्ये जलील औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. अंतुले २००४ मध्ये निवडून आले त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ते पहिले मुसलमान. फरक ४,४९२ मतांचा. तो विजय दोन गोष्टींमुळे झाला. वंचितबरोबरच्या आघाडीमुळे दलित आणि मुस्लिम मतं एका जागी आली आणि हर्षवर्धन जाधव यांनी अपक्ष लढून २ लाख ८३ हजार मतं घेतल्यामुळे शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंच्या बाजूची मतं फुटली. यातली पहिली गोष्ट आपल्या हातात होती. ती काही महिन्यांत, विधानसभेच्या तोंडावर, जागांच्या भांडणात मोडली. निकाल: एमआयएम दोन जागा, वंचित शून्य. त्या भांडणाची किंमत कुणी मोजली? नेत्यांनी तर नक्कीच नाही.

तिसऱ्याच्या तिकिटावर निवडून आलेला पळत नाही, असंही नाही. बिहारमध्ये २०२० ला एमआयएमचे पाच आमदार आले आणि २०२२ मध्ये त्यातले चार राजदमध्ये गेले. आणि ज्या पक्षाच्या सभेत फक्त आपलीच माणसं असतात, तो साडेअकरा टक्क्यांच्या राज्यात मूठभर जागांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याचं प्रत्येक जहाल भाषण समोरच्याची मतं एकत्र करून देतं. तिसरी शक्ती एकट्याने उभी राहत नाही. ती विडी कामगार, यंत्रमागवाले, भूमिहीन, दलित, ओबीसी यांच्याबरोबर उभी राहते किंवा मुळीच राहत नाही.

कांशीराम सांगायचे की पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी लढायची. बसपा १९८४ मध्ये निघाली आणि २००७ मध्ये उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा घेऊन स्वबळावर सत्तेत आली. २३ वर्षं लागली. आणि २०२२ मध्ये तिचा एकच आमदार उरला. पहिल्या आकड्यातून सब्र शिकायचा, दुसऱ्यातून हे शिकायचं की तिसऱ्या पक्षालाही जाब विचारणारं कुणी नसेल तर तोही आतून पोकळ होतो.

मग करायचं काय?

राज्यभरासाठी एकच निशाणी सांगणारा निरोप बंद करा. प्रत्येक जागा वेगळी असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आपल्या मतदारसंघाचे मागचे दोन निकाल काढा आणि बघा की आपली जागा तिन्हींपैकी कुठली आहे.

एक, अटीतटीची जागा, धुळ्यासारखी. तिथे कमी वाईटाला मत द्या, न लाजता द्या. पण त्याच्याकडून आधी लेखी घ्या.

दोन, एकतर्फी जागा. जिथे कुणीतरी ५० हजारांनी जिंकणार हे उघड आहे, तिथे तुमच्या मताने "ते" येत नाहीत आणि अडतही नाहीत. तिथे भीतीने मत देणं म्हणजे मत वाया घालवणं. तिथे ज्याचं काम पटतं त्याला द्या. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरी त्याचं डिपॉझिट वाचतं आणि पुढच्या वेळी त्याला टेबलावर खुर्ची मागता येते. २०१९ च्या लोकसभेला एमआयएमला धरून वंचितच्या आघाडीला सुमारे ४१ लाख मतं पडली, म्हणून २०२४ मध्ये महाविकास आघाडीला तिला चर्चेला बोलवावंच लागलं. चर्चा फिसकटली ती वेगळी गोष्ट.

तीन, जिथे तथाकथित तिसराच मुळात दुसरा आहे, जसं औरंगाबाद पूर्व. तिथे मतविभाजन टाळा म्हणणाऱ्यांनी आपलाच नियम स्वतःला लावून त्याच्यामागे उभं राहावं. नाही राहिले, तर पुढच्या वेळी आपल्याला हा धडा शिकवायला त्यांनी येऊ नये.

आणि तिन्ही ठिकाणी काम मतदानाच्या कितीतरी आधी सुरू होतं. यादीत नाव नसलेल्यांचे नमुना ६ भरून घ्या. मोहल्ल्याची बैठक बोलवा, तीत बहिणींना मागच्या खोलीत बसवू नका, कारण त्याही मतदार आहेत. पाच मागण्या लिहा, अगदी साध्या: उर्दू शाळेतली रिक्त पदं, शिष्यवृत्ती वेळेवर, ड्रेनेज, वक्फच्या जागेचा हिशेब, पोलिसांत खोटे गुन्हे घातले तर उमेदवार ठाण्यात येणार की नाही. हे प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा, तिसऱ्याच्याही. सही घ्या. देत नसेल तर तसं जाहीर करा. ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका इथे तर भीतीचं कारण सगळ्यात कमी असतं. नवी माणसं तिथे उभी करून पारखून घ्या.

आपल्या वडीलधाऱ्यांनी भीतीने मत दिलं, कारण त्यांनी दंगली पाहिल्या होत्या. त्यांच्या भीतीची मी थट्टा करत नाही. पण त्या भीतीवर दुसऱ्यांनी दुकान थाटलं आणि आपण त्याचं कायमचं गिऱ्हाईक झालो. न विचारता, न घासाघीस करता माल उचलणारं गिऱ्हाईक.

मतदानाच्या आदल्या रात्री निरोप पुन्हा येईल. तो पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: आपण काय मागितलं होतं आणि त्यांनी काय लिहून दिलं? उत्तर असेल तर खुशाल पुढे पाठवा. नसेल तर तो निरोप तिथेच डिलीट करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मतदारसंघाचा आकडा बघून, आपल्या अकलेने मत द्या.